बार, वही आणि धाडस: ताकदीच्या व्यायामाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात पाचपाखाडीला मी सकाळी सहा आणि सात अशा दोन बॅच घेते. येणारे बहुतेक चाळिशीच्या पुढचे, काही कॉलेजातली पोरं, दोन आजी. प्रश्न बॅचमध्ये कमी आणि रात्री दहानंतर व्हॉट्सॲपवर जास्त येतात, कारण चारचौघांत विचारायची लाज वाटते. तेच तेच टाइप करून अंगठा दुखायला लागला म्हणून सगळं इथे एकत्र केलंय. एका प्रश्नातून दुसऱ्याकडे पाठवता यावं म्हणून क्रमांक दिलेत. मी डॉक्टर नाही, मानसोपचारतज्ज्ञ तर नाहीच. जिथे त्यांचं काम सुरू होतं तिथे तसं लिहिलंय.

१. मुळात माझ्यात आत्मविश्वासच नाही. तो आधी आणायचा की आधी जिम लावायची?

जिम लावा. (किंवा लावूही नका, घरी करा; प्रश्न २.) आत्मविश्वास आधी येऊन दारात उभा राहतो आणि मग आपण चपला घालतो, असं होत नाही. 'हे मला जमेल' ही खात्री कुठून येते, याची चार उगमस्थानं अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये मांडली: स्वतः करून पाहिलेलं काम, आपल्यासारख्याच कुणाला ते करताना बघणं, विश्वासाच्या माणसाचा शब्द, आणि त्या क्षणी आपलं शरीर काय सांगतंय ते. चारांत पहिलं सगळ्यात भक्कम. म्हणून 'तुला जमेल गं' हे शंभरदा ऐकण्यापेक्षा काल बारा किलो आठ वेळा उचललं ही एक गोष्ट जास्त कामाला येते. वजनाच्या व्यायामाची गंमत इथेच आहे. आमटी चांगली झाली का यावर घरात चार मतं पडतात. बारा किलो उचललं का यावर दोनही पडत नाहीत.

चौथ्याबद्दल थोडं. छाती धडधडली की आपण घाबरलो असं आपल्याला वाटतं. बैठकांच्या सेटनंतरही (सेट म्हणजे न थांबता ओळीने केलेल्या आठ-दहा बैठका) तशीच धडधड होते आणि दोन-तीन मिनिटांत खाली बसते. हे पुन्हा पुन्हा अनुभवलं की धडधडीचीच भीती कमी होते.

२. मला एक पुशअप येत नाही. सुरुवात कशाने करू?

भिंतीपासून. भिंत जमली की स्वयंपाकघरातला ओटा, मग पलंगाची कड, मग जमीन. माझ्याकडे एका काकूंना ओट्यावरून जमिनीवर यायला सात महिने लागले, आणि ते सात महिने वाया गेले असं त्यांना एकदाही वाटलं नाही.

बाकी चार गोष्टी पुरतात. खुर्चीवर बसून हात न टेकता उठणं. कमरेतून वाकून, पाठ सरळ ठेवून पिशवी उचलणं. दप्तरात पुस्तकं भरून ते पोटाकडे ओढणं. दोन्ही हातांत पाच-पाच लिटरचे पाण्याचे कॅन घेऊन हॉलमधून चालणं. प्रत्येकी दोन सेट, आठ ते दहा वेळा, आठवड्यातून दोन दिवस. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारसही हीच आहे: मोठ्या स्नायूंचा व्यायाम आठवड्यातून किमान दोन दिवस, शिवाय १५० ते ३०० मिनिटं मध्यम दमछाक करणारी हालचाल. सेट संपला तेव्हा 'अजून दोन-तीन झाल्या असत्या' असं वाटलं पाहिजे. 'अजून वीस झाल्या असत्या' असं वाटलं तर वजन कमी आहे.

३. फरक कधी दिसतो? पंधरा दिवस झाले, आरशात काहीच नाही.

आरशात नाही दिसणार. पहिल्या काही आठवड्यांत स्नायू फारसे वाढतच नाहीत. वाढतं ते मेंदू आणि स्नायूंमधलं जुळणं: आहेत तेच तंतू जास्त संख्येने आणि एका तालात कामाला लागतात. म्हणून तिसऱ्या आठवड्यात हात तेवढाच दिसतो, पण डंबेल हलका लागतो. अंगावर दिसायला साधारण दोन-तीन महिने धरा. ज्यांनी आरशावर भरवसा ठेवला ते बहुतेक याच काळात गळतात. रोजच्या नोंदींच्या वहीवर ठेवलेले टिकतात (प्रश्न ४).

४. ताई, ही 'वही वही' काय प्रकार आहे? ॲप चालत नाही का?

चालतं. पण फोन उघडला की सेटच्या मध्ये दोन रील होतात आणि अंग थंड पडतं. वीस रुपयांची शंभर पानी वही आणि दोरीने बांधलेलं पेन, एवढंच माझं तंत्रज्ञान.

परवानगी घेऊन एकीच्या वहीतलं पान उतरवते: 'मंगळवार. पाऊस. झोप पाच तास. बैठका, १२ किलो छातीशी, ८, ८, ७. सातवी डगमगली. ओट्यावर पुशअप ९, ८, ६. कॅन घेऊन चालणं, चार फेऱ्या, उजवी मूठ आधी सुटली. मनात होतं, आज नको.' त्याखाली तिरक्या अक्षरात: 'तरी आले.'

हे 'मनात होतं' मी मुद्दाम लिहायला लावते. चार महिन्यांनी मागची पानं चाळली की एक मजेशीर गोष्ट लक्षात येते: 'आज नको' वाटलेले आणि 'आज मस्त' वाटलेले दिवस आकड्यांत फारसे वेगळे नसतात. आपलं मन वाईट दिवशी आपल्याबद्दल जे सांगतं ते किती खरं असतं, याचा हा लेखी पुरावा असतो, तोही स्वतःच्या अक्षरात. दुसऱ्या कुणी सांगून हे पटत नाही.

५. जिममध्ये सगळे माझ्याकडे बघतात असं वाटतं. काय करू?

२००० साली अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना लाज वाटेल असं चित्र असलेला टीशर्ट घालून भरलेल्या खोलीत पाठवलं. त्यांना वाटलं, जवळजवळ निम्म्या लोकांनी आपला टीशर्ट पाहिला असणार. प्रत्यक्षात जेमतेम पाव लोकांना तो आठवत होता. जिममध्ये तर लोक आरशात स्वतःलाच बघण्यात गुंतलेले असतात.

तरीही नुसतं 'कुणी बघत नाही' म्हणून भागत नाही. पहिले दोन आठवडे सकाळी अकरा किंवा दुपारी तीनला जा, तेव्हा जिम ओस असते. आज काय करायचं ते घरून लिहून न्या. गोंधळून मध्येच उभं राहिलं की नजरा जास्त टोचतात. आणि खरंच कुणी टक लावून बघत असेल, तर तो तुमचा भ्रम नाही. पुढचा प्रश्न वाचा.

६. ट्रेनर टोचून बोलतो, किंवा 'फॉर्म दाखवतो' म्हणून उगाच हात लावतो. बोलायचं धाडस होत नाही.

मी एकेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा जिमला गेले. तिथल्या ट्रेनरने दोन किलोचे गुलाबी डंबेल हातात दिले आणि म्हणाला, 'मॅडम, तुम्हाला एवढंच.' मी नौपाड्यातून आणते ती भाजीची पिशवी त्याहून जड असायची. तरी सहा महिने मी मुकाट्याने ते गुलाबी डंबेल हलवत होते. आजही मला त्याच्यापेक्षा स्वतःचा राग जास्त येतो.

त्यामुळे वाक्य आधीच पाठ करून जा. 'हात न लावता दाखवा.' चार शब्द. चढ्या आवाजात नको, नेहमीच्या आवाजात. चांगला ट्रेनर हात लावायच्या आधी विचारतो आणि नाही म्हटलं की मागे सरतो. पुन्हा झालं तर मालकाला लेखी कळवा, तारीख-वेळ घालून. उपयोग झाला नाही तर पैसे गेले तरी चालतील, जिम बदला. वर्षाची फी एकदम भरायला लावणाऱ्या जिमचं म्हणूनच मला वावडं आहे, पाय अडकतो. प्रकार छेडछाडीचा असेल तर तो जिमचा प्रश्न उरत नाही, पोलिसांचा होतो.

७. वजन उचललं की बायका पुरुषी दिसतात का?

नाही. त्यासाठी लागणारं टेस्टोस्टेरॉन बायकांत पुरुषांच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतकं किंवा त्याहूनही कमी असतं. मीराबाई चानूने टोकियो ऑलिम्पिकमध्ये ४९ किलो वजनगटात ११५ किलो डोक्यावर नेलं. तिचा फोटो बघा आणि मग आठ किलोच्या डंबेलला घाबरायचं का ते ठरवा.

८. सासूबाई म्हणतात, घरकामात होतोच की व्यायाम. खरं आहे का?

अर्धं खरं. लादी पुसणं, कपडे वाळत घालणं ही हालचाल आहे आणि ती सोडू नका. पण लादी वीस वर्षं तेवढीच आहे. शरीराला आज कालच्यापेक्षा चिमूटभर जास्त काम मिळालं तरच ते ताकद वाढवतं. सासूबाईंशी वाद घालू नका, त्यांना खुर्चीवरून हात न टेकता पाच वेळा उठायला सांगा. माझ्या बॅचमधल्या दोनपैकी एक आजी अशाच आल्या, सुनेला खोटं ठरवायला.

९. राहायला कासारवडवली, ऑफिस बीकेसी. तीन तास प्रवासात जातात. वेळ आणू कुठून?

आठवड्यात पस्तीस मिनिटांचे दोन तुकडे काढा, त्यातला एक शनिवार-रविवारी. बाकी दिवशी वेगळा वेळ काढू नका, आहे त्यातच घुसवा. ठाणे स्टेशनचे जिने सरकत्या जिन्याच्या रांगेपेक्षा बहुतेक वेळा लवकर संपतात. रिक्षा एक स्टॉप अलीकडे सोडा. ऑफिसच्या बॅगेचा पट्टा रोज त्याच खांद्यावर नको.

घोडबंदर रोडवरच्या मंडळींचं दुखणं मला माहीत आहे: माजिवड्याला अडकून घरी यायला साडेनऊ, आणि पाच वाजता उठायचा निश्चय. झोप साडेपाच तासांवर आणून केलेला व्यायाम मी मोजत नाही. त्या दिवशी झोपा.

१०. मी रोज तलावपाळीला फेऱ्या मारतो. ते पुरत नाही?

हृदयासाठी, साखरेसाठी, डोकं शांत व्हायला उत्तम. पण तिशीनंतर दर दहा वर्षांनी स्नायू साधारण ३ ते ८ टक्क्यांनी घटतात आणि सपाटीवर चालणं ते थांबवत नाही. फेऱ्या चालू ठेवा, त्यात प्रश्न २ मधले दोन दिवस मिसळा. कचराळी किंवा उपवनला जाणाऱ्यांनाही हेच. येऊरचा चढ पायांना जास्त काम देतो, पण ते राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे. उजाडल्यावर जा, रस्ता सोडू नका, आणि वर गाणी लावू नका. हे शेवटचं माझं वैयक्तिक गाऱ्हाणं.

११. शाकाहारी आहे. प्रोटीनचं काय? पावडर घ्यावीच लागते का?

आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) हिशेबाने साध्या प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रोटीन लागतं. वजनं उचलणाऱ्याने १.२ ते १.६ धरावं. म्हणजे ६० किलोच्या बाईला ७२ ते ९६ ग्रॅम. वरण-भात-पोळीवर एवढं होत नाही, हे मान्य करून पुढे जाऊ. ५० ग्रॅम कोरडे सोया चंक्स: सुमारे २६. १०० ग्रॅम पनीर: सुमारे १८. पाव लिटर दूध: ८. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाणे: ७ ते ८. वाटीभर वरण: ६ ते ७. अंडी चालत असतील तर एकाला ६. सोयाचा खिमा ठेचा घालून केला तर घरचे तक्रार करत नाहीत.

पावडर हे बहुतेक वेळा दुधाचंच रूप आहे. सोयीची आहे, सक्तीची नाही. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रोटीन वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा, हे ऐच्छिक नाही.

१२. वय ६८, गुडघे कुरकुरतात, बीपीची गोळी चालू. आता काय उपयोग?

१९९० साली अमेरिकेत एका वृद्धाश्रमात ८६ ते ९६ वयाच्या दहा जणांना घेऊन पायांचा वजनी व्यायाम सुरू केला. आठ आठवडे. शेवटपर्यंत टिकलेल्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली आणि दोघांची काठी सुटली. तुम्ही त्यांच्यापुढे तरुण आहात.

नियम तीन. पहिला, उचलताना श्वास रोखू नका, जोर लावताना सोडा. रोखला की बीपी झपकन वर जातं. दुसरा, बसल्याजागी बीपी १८०/११० च्या वर असेल तर आधी डॉक्टर, मग डंबेल. तिसरा, गुडघा कुरकुरला तर खोल बसू नका, उंच खुर्चीपर्यंतच बसा आणि दर पंधरवड्याला जमेल तसं थोडं खाली या. नुसता आवाज येणं आणि दुखणं यांत फरक आहे, प्रश्न १६.

या वयात आत्मविश्वास म्हणजे सभेत बोलणं नव्हे. बाथरूमच्या ओल्या फरशीवर पाय टाकताना भिंत न शोधणं. पडण्याची भीती वाटणारा माणूस कमी चालतो, कमी चाललं की पायांची ताकद जाते, आणि मग खरंच पडतो. ही साखळी पायांपासून तोडायची.

१३. बैठकांत दीड महिना चाळीस किलोवरच अडकलोय. सगळा उत्साह गेला. काय चुकतंय?

बहुतेक काही नाही. सुरुवातीची सोपी वाढ संपली. आधी झोप आणि जेवण बघा. मग एक आठवडा निम्म्या वजनावर काढा. मग पाच किलोची उडी मारण्याऐवजी सव्वा किलोच्या प्लेट (बारच्या टोकांना लावायच्या वजनाच्या चकत्या) लावा, दोन्ही बाजूंनी मिळून अडीच किलो. त्या बारक्या प्लेट जिममध्ये कायम कुठल्यातरी बाकाखाली गेलेल्या असतात, शोधा.

पण मला वाटतं खरी अडचण वेगळी आहे: वजनाखाली अडकण्याची धास्ती. त्यावर उपाय म्हणजे अडकून बघणं. तिसऱ्या महिन्यात मी प्रत्येकाला हे करायला लावते. रॅकच्या (बार ठेवायच्या लोखंडी चौकटीच्या) दोन्ही आडव्या सेफ्टी पट्ट्या बैठकीच्या खालच्या पातळीपेक्षा बोटभर वर लावायच्या. खांद्यावर रिकामा बार (प्लेट न लावलेली लांब लोखंडी दांडी), वीस किलो. खाली बसायचं आणि उठायचंच नाही. बार पट्ट्यांवर टेकवून खालून सरकून बाहेर यायचं. लोखंडावर लोखंड आपटतं, खण्ण आवाज होतो, अख्खी बॅच वळून बघते. एक बँकेतले साहेब बाहेर आले, तळहातावर बारच्या खरखरीत रेघा उमटलेल्या, आणि म्हणाले, 'एवढंच?' पुढच्या आठवड्यात त्यांचे साडेबेचाळीस गेले.

बेंचवर आडवं होऊन छातीवरून बार ढकलायचा व्यायाम एकट्याने करत असाल तर बारच्या टोकांचे क्लिप लावू नका. अडकलात तर बार एका बाजूला कलवून प्लेट पाडता येतात. आवाज होईल. होऊ दे.

१४. जिममध्ये वाघ, मीटिंगमध्ये शेळी. ताकद वाढली, पण ऑफिसात तोंड उघडत नाही. मग उपयोग काय?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो आणि याला गोड उत्तर देणारे पुष्कळ भेटतात. मी नाही देणार. 'मला जमेल' ही खात्री त्या त्या कामापुरती असते. ऐंशी किलोची डेडलिफ्ट (जमिनीवरून बार उचलणं) बॉसपुढे आपोआप बोलत नाही. ताठ उभं राहणं, अंगात थोडी ऊर्जा, झोप बरी लागणं, एवढी मदत होते. ती खरी आहे, पण तेवढीच आहे.

सोबत नेता येते ती पद्धत. रिकाम्या बारवर कुणी शंभर किलो लावत नाही, मग मीटिंगमध्ये पहिल्याच दिवशी वीस मिनिटांचं प्रेझेंटेशन कशाला? पहिला आठवडा: एक प्रश्न विचारायचा, लिहून नेलेला. दुसरा: पहिल्या दहा मिनिटांत विचारायचा. तिसरा: कुणाच्या तरी मताला एका वाक्यात विरोध. वहीच्या मागच्या पानांवर याचेही सेट लिहा. वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत काम करणाऱ्या मुलीने असं केलं. तिच्या नोंदीत तीन आठवडे लागोपाठ 'आवाज कापला, वाक्य पूर्ण केलं' असं होतं. चौथ्या आठवड्यात नुसतं 'वाक्य पूर्ण केलं'.

भीती एवढी असेल की मीटिंगच्या आदल्या रात्री झोप नाही, सुट्ट्या पडतात, तर वही पुरणार नाही. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलतात.

१५. मुलगा सतरा वर्षांचा. रोज अडीच तास जिम, दिवसभर आरसा, 'मी हडकुळा दिसतो' म्हणतो. हा आत्मविश्वास म्हणायचा का?

नाही, काळजी म्हणायची. देखरेखीखाली वजनं उचलल्याने उंची खुंटत नाही, ती भीती सोडा. पण चांगलं अंग असूनही ते बारीक वाटणं, एक दिवस चुकला की चिडचिड, घरचं जेवण आणि मित्र टाळणं, टीशर्ट काढायची लाज, ही लक्षणं एकत्र दिसली तर मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. याला वैद्यकीय नाव आहे, उपचार आहेत, आणि 'वेडा आहेस का, चांगला तर दिसतोस' हा उपचार नाही.

इंजेक्शन किंवा बिननावाच्या गोळ्यांचा संशय आला तर शांतपणे विचारा. स्टेरॉइडने शरीराचं स्वतःचं टेस्टोस्टेरॉन बंद पडतं, हृदय आणि यकृतावर ताण येतो, आणि वाढत्या वयात हाडांची टोकं लवकर बंद होऊन उंची खरोखरच खुंटते. क्रिएटिन हे वेगळं, स्टेरॉइड नव्हे. मोठ्यांसाठी दिवसाला ३ ते ५ ग्रॅम हा सवयीचा डोस आहे. सतरा वर्षांच्या मुलाला मात्र मी आधी जेवायला सांगते.

१६. दुखलं तर थांबायचं की रेटायचं?

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या भरून येणं, जिना उतरताना 'आई गं', हे साधं. २४ ते ७२ तासांत चढतं आणि ओसरतं. सांध्यात टोचणं, एकाच बाजूला चमक, मुंग्या, छातीत दाब: थांबा आणि दाखवा. खूप जास्त व्यायामानंतर लघवी कोकसारखी गडद झाली तर त्याच दिवशी हॉस्पिटल, सकाळची वाट बघू नका.

१७. आधी गणपती, मग ताप, मग दिवाळी. तीन महिने सुटले. पुन्हा शून्यापासून?

शून्यापासून नाही. एकदा कमावलेले स्नायू पहिल्यापेक्षा बरेच लवकर परत येतात. शेवटच्या वजनाच्या साठ टक्क्यांवर या, दोन आठवडे तिथेच रेंगाळा. ताप डेंग्यूचा होता तर डॉक्टरांनी हो म्हणेपर्यंत थांबा.

आणि नवी वही आणू नका. बॅचमध्ये हे दरवर्षी होतं, नोव्हेंबरात सगळे कोऱ्या वह्या घेऊन येतात. जुनीच उघडा. जिथे नोंद थांबली त्याच पानावर, एक ओळ सोडून, आजची तारीख घाला.